बुडबुड्यावर चालणारा रोबोट, आणि मामांचा एक प्रश्न

आजचा भाग पुण्याहून नाही, वैरागहून रेकॉर्ड करतोय. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव. मागे ट्रॅक्टरचा किंवा कोंबड्याचा आवाज आला तर चालवून घ्या.

विषयही आवाजाचाच आहे. पण ऐकायचा आवाज नाही, काम करणारा आवाज. आवाजानं एखादी बारीक वस्तू हवेत उचलता येते का? पाण्यात पकडून इकडची तिकडे नेता येते का? आणि केसापेक्षा बारीक रोबोट शरीरात सोडून तो आवाजावर चालवता येतो का? तिन्हीचं उत्तर "हो" आहे. मात्र तिसऱ्या "हो"ला एक भलामोठा "पण" जोडलेला आहे, आणि त्या "पण"साठीच हा भाग केलाय. माझ्या एका चुलत मामांनी मला फोनवर एक प्रश्न विचारला होता. त्यांची परवानगी घेऊन तो सांगणार आहे, फक्त नाव सांगणार नाही. त्याआधी थर्माकोलचं बोलू.

तुमच्यापैकी कुणी इंजिनिअरिंगला असेल, डिप्लोमाला असेल, त्यांनी अंतर मोजायचा तो दोन डोळ्यांचा सेन्सर पाहिला असेल. एचसी-एसआर०४. गाडी मागे घेताना टीं टीं करतो ना, त्याच जातीचा. ते दोन "डोळे" म्हणजे खरं तर एक स्पीकर आणि एक माइक. दोन्ही सेकंदाला ४०,००० कंपनांसाठी बनवलेले. माणसाला साधारण २०,००० पर्यंतच ऐकू येतं, म्हणून आपल्याला काही कळत नाही. कुत्र्याला मात्र कळतं.

आता हे दोन्ही डोळे सोल्डर काढून वेगळे करायचे, समोरासमोर उभे करायचे, आणि आर्डुइनो नॅनो अधिक एक मोटर ड्रायव्हर बोर्ड वापरून दोघांनाही एकाच तालात ४० किलोहर्ट्झवर वाजवायचं. मग चिमट्यानं बीनबॅगमधला थर्माकोलचा दाणा मध्ये अलगद सोडायचा. तो पडत नाही. हवेत थांबतो. दोरा नाही, चुंबक नाही, काही नाही. आमच्या घरातल्या चार पिढ्यांनी तो टेबलाभोवती उभं राहून बघितलाय. आजीनं खालून हात फिरवून खात्री केली.

हे होतं कसं? दोन्हीकडून येणाऱ्या लाटा मध्ये एकमेकींत मिसळतात आणि जागच्या जागी डोलणारी एक लाट तयार होते. तिला स्टँडिंग वेव्ह म्हणतात. तिच्यात ठरावीक अंतरावर अशा जागा असतात जिथे हवेचा दाब जवळजवळ बदलतच नाही, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मात्र तो सारखा वरखाली होत असतो. हलकी वस्तू त्या गडबडीतून ढकलली जाऊन शांत जागेत येऊन बसते. हिशेब अगदी सोपा आहे. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला ४०,००० नं भागा, ८.६ मिलिमीटर येतात. ही झाली एका लाटेची लांबी. शांत जागा दर अर्ध्या लाटेला, म्हणजे ४.३ मिलिमीटरवर. जवळपास ज्वारीच्या एका दाण्याएवढं अंतर. त्यामुळे तीन-चार दाणे सोडले तर ते माडीच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक बसतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४० ला गेला की आवाजाचा वेग वाढतो, पायरी जराशी लांबते, आणि दोन स्पीकरमधलं अंतर पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. वैरागमध्ये एप्रिलात करून बघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

यात नवं काही नाही बरं का. १८६६ मध्ये जर्मनीत कुंट नावाच्या शास्त्रज्ञानं काचेच्या नळीत बारीक भुकटी पसरली, नळीत सूर लावला आणि भुकटीचे ठरावीक अंतरावर ढीग झालेले दाखवले. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनी मृदंगाच्या पुडीवर बारीक वाळू टाकून, वाजवल्यावर ती कुठे गोळा होते त्याचे फोटो घेतले आणि १९३४ मध्ये त्यावर निबंध छापला. शाईमुळे तबला-मृदंगाला स्वर कसा येतो हे त्यांना शोधायचं होतं. वाळू हलवणं हे फक्त बघण्याचं साधन होतं. पण वस्तू कुठे जाऊन थांबेल ते आवाज ठरवतो, हे तिथेही दिसतं.

पुढची उडी १९९१ मधली. जुनरू वू या संशोधकानं पाण्यात समोरासमोरच्या दोन अल्ट्रासाउंड झोतांनी पाव मिलिमीटरचे गोळे आणि बेडकाची अंडी पकडून दाखवली आणि त्याला "आवाजाचा चिमटा" म्हटलं. मग २०१७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या मार्झो, ड्रिंकवॉटर वगैरे मंडळींनी ७२ छोट्या स्पीकरचं एक यंत्र बनवलं आणि त्याची कृती सगळ्यांसाठी मोकळी केली. पुढच्याच वर्षी मार्झो आणि ड्रिंकवॉटर यांनी हवेत एकाच वेळी २५ दाणे वेगवेगळ्या दिशांना फिरवून दाखवले.

सॉफ्टवेअरवाल्याला यात काय रस? सगळा! कारण त्या यंत्रातले स्पीकर जागचे हलत नाहीत. हलतो तो फक्त प्रत्येकाचा ताल. चाक रुतलेली बैलगाडी दहा जण ढकलतायत असं समजा. सगळ्यांचा जोर "हैश्या"ला एकदम पडला तरच गाडी हलते. इथे लांबच्या स्पीकरनं जरा आधी हाक द्यायची, जवळच्यानं जरा उशिरा, म्हणजे सगळ्यांचा जोर हव्या त्या ठिकाणी एकदम पोचतो. जागा बदलायची तर सेकंदाच्या काही लाखाव्या भागांनी वेळा बदलायच्या. एका लाटेला लागतो सेकंदाचा चाळीस-हजारावा भाग, आणि तिच्याही आत हे जुळवायचं. म्हणजे वस्तू उचलण्याचं काम हार्डवेअर करतं, पण ती कुठे न्यायची हा निव्वळ कोड आहे.

इथवर हवा. आता पाण्यात उतरू, आणि तेही फार लहान होऊन.

तुमचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. या आकाराच्या दुनियेत पाणी आपल्याला वाटतं तसं वागत नाही. तिथे पाणी म्हणजे काकवी. गुऱ्हाळावर काकवीच्या काहिलीत मुंगी पडलेली ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल. पाय मारला तेवढ्यापुरतं हलायचं, पाय थांबला की जागच्या जागी थांबायचं. झोकात पुढे जाणं वगैरे काही नाही. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यातली गोष्ट अशी की एवढ्या लहान जिवानं शिंपल्यासारखी फक्त उघडझाप केली तर तो पुढे जाईल आणि तेवढाच मागे येईल. हिशेब शून्य. मग तुम्ही त्या आकाराची होडी बनवून तिला वल्हं लावलं तरी उपयोग नाही. मोटर बसवायची म्हटलं तर एवढी लहान मोटर, तिला एवढी लहान बॅटरी, कुठून आणायची?

उत्तर बुडबुड्यात सापडलं. ऐका.

(इथे रेकॉर्डिंगमध्ये तांब्यातून बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आहे.)

हा जो खळखळाट ऐकलात, तो पाण्याचा आवाज नाही. म्हणजे आहे, पण मुख्यतः तो पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा आहे. प्रत्येक बुडबुडा घंटेसारखा आपापल्या सुरात वाजतो. मिनार्ट या शास्त्रज्ञानं १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० वेळा फुगतो आणि आक्रसतो. त्रिज्या शंभर पटीनं कमी केली, दहा मायक्रॉनवर आणली, तर कंपनं शंभर पटीनं वाढतात, सव्वातीन लाखांच्या आसपास. आता हेच उलटं करा. बुडबुडा आपला आपण वाजायच्या ऐवजी बाहेरून बरोबर त्याच्या सुरातला अल्ट्रासाउंड सोडा. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिल्यासारखा तो जोरात फुगू-आक्रसू लागतो आणि आजूबाजूच्या पाण्यात सारखे वाहणारे प्रवाह तयार करतो. बुडबुडा एका छोट्या डबीत कोंडला आणि डबीला भोक ठेवलं, तर भोकातून पाण्याचा झोत बाहेर पडतो आणि डबी त्याच्या उलट दिशेला सरकते. पर्सेलच्या शिंपल्याचा नियम इथे आडवा येत नाही, कारण हालचाल एवढी झपाट्याची आहे की त्या काकवीलाही झोक मिळतो.

याच प्रवाहांत आजूबाजूच्या पेशी, कण ओढले जातात, फिरतात. २०१६ मध्ये डॅनियल अहमद आणि टोनी हुआंग यांच्या गटानं एक मिलिमीटरभर लांबीची जिवंत अळी बुडबुड्यांच्या ओळीशेजारी ठेवून, हवी तेवढी कोनात फिरवून, सगळ्या बाजूंनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. तिला चिकटवलं नाही, टोचलं नाही. थोडक्यात, बुडबुडा इंजिनही होतो आणि हातही.

बुडबुड्यांवर काम करणारी माणसं आपल्याकडेही आहेत, हे जाता जाता. माटुंग्याच्या आयसीटीत प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी अनेक दशकं, पाण्यातले बुडबुडे फुटताना सुटणारी ऊर्जा रासायनिक क्रियांना आणि पाणी शुद्ध करायला कशी वापरायची यावर काम केलंय. आणि बंगळुरूच्या आयआयएससीत प्रा. अंबरीश घोष यांचा गट मळसूत्राच्या आकाराचे सूक्ष्म रोबोट चुंबकानं फिरवतो.

आता मामांनी वाचलेल्या बातमीकडे येतो. डिसेंबर २०२४ मध्ये "सायन्स रोबोटिक्स" या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या कॅलटेकमधल्या वेई गाओ, ज्युलिया ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी सुमारे ३० मायक्रॉनचे पोकळ गोळे बनवले. सामान हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा, जेलीसारखा पदार्थ. लेझरनं थर चढवत छापलेले. पोटात हवेचा बुडबुडा. बुडबुडा टिकावा म्हणून गोळ्याची आतली बाजू पाण्याला दूर ठेवणारी, आणि गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बाहेरची बाजू पाण्याशी जमवून घेणारी. भोकं दोन, कारण एकापेक्षा दोन तोंडांनी ते दाट द्रवातही जास्त वेगानं जातात. भिंतीत औषध भरलेलं आणि चुंबकीय कणही. इंजिन आवाजाचं, स्टेअरिंग चुंबकाचं. काम झाल्यावर गोळा शरीरात विरघळून जातो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बुडबुडा सोनोग्राफीत चमकतो. म्हणजे जो बुडबुडा गाडी ओढतो, तोच गाडीचा हेडलाइटही होतो. डॉक्टरला पडद्यावर दिसतं की गोळे कुठे पोचलेत.

हे त्यांनी उंदरांच्या मूत्राशयातल्या कॅन्सरच्या गाठीवर वापरलं. २१ दिवसांत चार वेळा. नुसतं औषध दिलेल्या उंदरांपेक्षा रोबोटनं औषध नेलेल्या उंदरांत गाठ जास्त आटली.

इथे माझी एक तक्रार नोंदवतो. त्याला रोबोट म्हणायला लागल्यापासून सगळा घोळ झालाय. रोबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हातपाय, कॅमेरा, चिप, स्वतःचं डोकं येतं. या गोळ्यात यातलं काही नाही. कोडची एक ओळ नाही. बाहेरचा अल्ट्रासाउंड बंद केला की तो पाण्यात पडलेल्या साबुदाण्यासारखा निपचित. २०२१ मध्ये आमच्या भागात लशीतून चिप घालतात असे मेसेज फिरत होते, आठवतंय? माझ्या ओळखीतल्या दोन घरांनी त्यापायी लस लांबवली होती. त्यांना आज मी हेच सांगतो: एवढ्या लहान वस्तूला हलवायला बाहेर खोलीभर यंत्रं, अंगाला जेल लावून टेकवलेला प्रोब, चुंबक, आणि ती कुठेय हे बघत बसलेला माणूस लागतो. चोरून कुणी कुणाला चालवू शकत नाही. जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या प्रयोगशाळेला समोर दिसत असतानाही ते मोठ्या कष्टानं जमतंय.

तर मामा. वय साठीच्या पुढे, शेती, आणि बिडी तरुणपणापासून. लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं काहीच नाही, म्हणून दोन महिने कुणाला बोलले नाहीत. शेवटी तपासणी झाली, मूत्राशयात गाठ निघाली. डॉक्टरांनी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढायची तारीख दिली. त्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. मागे जोरदार म्युझिक, आणि अक्षरं: "कॅन्सर खाणारा रोबोट आला! आता ऑपरेशनची गरज नाही!"

मामांचा फोन. "बाळा, तू कम्प्युटरमधला हाईस म्हनून इचारतो. ह्ये रोबोट आपल्याकडं कवा येनार? वर्स-दोन वर्सं थांबलं तर चालंल का?"

मंडळी, हा प्रश्न हसण्यासारखा नाही. ज्याच्या पोटात गाठ आहे, ज्याला ऑपरेशनची भीती वाटतेय, आणि ज्याच्या हातात फोन आहे, त्या कुणालाही हा प्रश्न पडेल. आणि बातमी खोटी नव्हती, हे तर जास्तच अवघड. निबंध खरा, गोळे खरे, उंदीरही खरे.

मी त्यांना म्हटलं, "मामा, थांबू नका. तारीख दिलीय त्या दिवशी जा." आणि मग का ते सांगितलं. तेच तुम्हालाही सांगतो, जरा सविस्तर.

उंदराचं मूत्राशय केवढं, माणसाचं केवढं. माणसाच्या भरलेल्या मूत्राशयात तीनचारशे मिलिलिटर सहज मावतात. उंदराच्यात थेंबांचा हिशेब. त्वचेपासूनचं अंतरही तसंच. उंदरात जो आवाज आणि जे चुंबक पुरतं ते माणसाच्या पोटातून तेवढंच काम करेल हे आपोआप ठरत नाही, ते प्रत्येक पायरीवर तपासावं लागतं. मूत्राशय तरी त्यातल्या त्यात सोयीची जागा. पातळ पदार्थानं भरलेली, आणि पुढच्या बाजूनं अल्ट्रासाउंड पोचवता येतो. हाड आणि हवा या दोन गोष्टी अल्ट्रासाउंडचा रस्ता अडवतात. म्हणून तर सोनोग्राफीला जेल लावतात, प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. कवटीत किंवा फुप्फुसात हे करणं आणखी कितीतरी अवघड.

माणसाच्या शरीरात आवाजानं वस्तू हलवण्याचं काम सगळ्यात पुढे गेलंय ते रोबोटांचं नाही, मुतखड्याचं. आपल्या सोलापूरकडे मुतखडा म्हणजे काय ते सांगायला नको, घराआड एक अनुभवी माणूस सापडेल. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटानं २०२० मध्ये तीन जिवंत डुकरांच्या मूत्राशयात तीन मिलिमीटरचा काचेचा गोळा ठेवला आणि बाहेरून २५६ भागांच्या अल्ट्रासाउंड यंत्रानं तो आधी ठरवलेल्या वाटेवरून फिरवला. मग २०२२ मध्ये त्याच विद्यापीठाच्या गटानं, मूत्रवाहिनीत खडा अडकलेल्या २९ माणसांवर, भूल न देता, अल्ट्रासाउंडनं खडा ढकलून बघितला. १९ जणांत तो हललेला दिसला. २९ माणसं! आणि हे सुद्धा पहिलं पाऊल. त्यात वस्तू डोळ्यांना दिसेल एवढी मोठी. ३० मायक्रॉनच्या गोळ्यांचं अजून उंदरापर्यंतच आलंय.

उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता किती लांब असतो, हे खरं तर आपल्या तालुक्याइतकं कुणाला माहीत असायला हवं? वैरागपासून तास-पाऊण तासावर बार्शी. तिथे १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. भारतातली ग्रामीण भागातली पहिली. गावोगाव जाऊन कुणाला कोणता कॅन्सर झाला, कधी कळला, पुढे काय झालं याची नोंद. आणि त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या मंडळींनी, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेसोबत, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. आठ वर्षं पाठपुरावा. २००९ मध्ये "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये निष्कर्ष छापून आला की एचपीव्ही चाचणी एकदा जरी केली तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी न देण्यावर नंतर टीकाही झाली, आणि मला ती पटते. पण आकडा बघा. एक चाचणी उपयोगी आहे असं छातीठोक म्हणायला एक लाख एकतीस हजार बायका आणि आठ वर्षं लागली. त्यात तुळजापूर-परंड्याकडच्या कुणाच्या तरी मावश्या, आत्या असणार. आणि व्हिडिओवाला २१ दिवसांच्या उंदरांवर म्हणतो, ऑपरेशनची गरज नाही.

मामा गेले. गाठ काढली. मग सुरू झाला दुसरा भाग, आणि तिथे मला स्वतःला ही रोबोटची भानगड खऱ्या अर्थानं कळली.

मूत्राशयाचा कॅन्सर वरच्या थरापुरता असेल तर गाठ काढल्यावर ती परत येऊ नये म्हणून औषध थेट मूत्राशयात सोडतात, नळीनं. मामांना दिलं ते बीसीजी. हो, तेच, जे लहानपणी आपल्या डाव्या दंडावर टोचतात, टीबीसाठी. जिवंत पण दुबळे केलेले जंतू. ते मूत्राशयात गेले की शरीराची संरक्षणाची यंत्रणा खवळून उठते आणि उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडते. १९७६ पासून माहीत असलेला हा उपाय, आणि अजून पहिल्या पसंतीचा. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे.

पण औषध आत गेलं की पुढे काय? मामांना सांगितलं, दोन तास लघवी करायची नाही. दर थोड्या वेळानं कूस बदलायची. उताणे, डावी कूस, पालथे, उजवी कूस. का, तर औषध सगळ्या भिंतींना लागलं पाहिजे. मी शेजारी मोबाइलवर टायमर लावून बसलेलो. मामा म्हणाले, "भाकरी भाजल्यागत उलटं-पालटं करायलाय मला." दोन तासांनी लघवीला गेले, आणि औषध गेलं. सहाही आठवडे हेच.

कॅलटेकची मंडळी नेमकी ज्या अडचणीवर काम करतायत ती ही: औषध गाठीजवळ थांबत नाही, पातळ होतं, वाहून जातं. कूस बदलण्याऐवजी बाहेरून आवाजानं औषध भिंतीपर्यंत न्यायचं, आणि हायड्रोजेलमधून ते हळूहळू झिरपू द्यायचं. म्हणजे बघा, ते "कॅन्सर खाणारं" काही नाहीये. औषध तेच, जुनं. नवीन आहे ती पोचवायची सोय. कुरिअर बदललाय, पार्सल नाही. व्हिडिओत हे एवढं एक वाक्य असतं तरी मामांना तो फोन करावा लागला नसता.

त्यांची दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चालू आहे. आतापर्यंत दोन झाल्या, दोन्ही स्वच्छ. बिडी सुटलीय असं ते म्हणतात, मामी वेगळं सांगतात. आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी लघवीतून रक्त जात असेल, एकदाच गेलं असेल, दुखत नसेल, तरी दाखवा. दुखत नाही म्हणून सोडू नका. मामांनी हे रेकॉर्डिंगमध्ये घालायला सांगितलंय.

आता जे शिकतायत त्यांच्यासाठी दोन शब्द. बऱ्याच जणांना वाटतं की यात काम करायला डॉक्टर नाहीतर पीएचडी असावं लागतं. पण या क्षेत्रात अडलेली बरीच कामं आपल्या पोरांची आहेत. सोनोग्राफीच्या करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या चित्रात ३० मायक्रॉनचा गोळा एकटा नीट दिसत नाही, घोळका दिसतो. तो घोळका श्वासाबरोबर हलणाऱ्या पोटात सतत शोधत राहणं हा इमेज प्रोसेसिंगचा प्रश्न आहे. दिसल्यावर आवाज कुठे वळवायचा ते काही मिलिसेकंदांत ठरवायचं, हा कंट्रोलचा. पोटात चरबी, स्नायू, पाणी या प्रत्येकातून आवाज वेगळ्या वेगानं जातो, मग कुठल्या स्पीकरनं किती आधी "हैश्या" म्हणायचं ते माणसागणिक बदलतं, हा सिम्युलेशनचा. तिन्ही लॅपटॉपवर सुरू करता येतात.

एक सावधगिरी. थर्माकोल तरंगवायचा सेन्सर म्हणजे बाजारात मिळणारा साधा भाग, तो खुशाल घ्या. पण प्रयोगासाठी म्हणून कुणी जुनं सोनोग्राफी मशीन स्वस्तात देतो म्हटलं तर हात लावू नका. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यामुळे नोंदणी नसलेल्या माणसाला ते विकताच येत नाही. देशाचा कायदा १९९४ चा, पण महाराष्ट्रानं स्वतःचा १९८८ मध्येच केला होता, सगळ्यांच्या आधी. तेव्हा काम करायचं तर एखाद्या कॉलेजच्या किंवा हॉस्पिटलच्या नोंदणी असलेल्या विभागाबरोबर, किंवा संशोधकांनी खुल्या ठेवलेल्या प्रतिमांवर.

बाहेर दूधवाल्याची मोटरसायकल आलीय, तुम्हाला ऐकू येत असेल. इथे थांबतो. आर्डुइनोचा कोड आणि जोडणीचं चित्र या भागाच्या खाली टाकलंय. प्रश्न असतील तर आवाजात पाठवा, टाइप नको, पुढच्या भागात तेच वाजवून उत्तरं देईन. चला, भेटू.